पित्रांतली सहल

फुलांच्या घरात कोणाला गावाला जायचं असलं की आधी फुलांना विचारावं लागतं. आमचा मळा बार्शीटाकळीच्या अलीकडे, अकोल्याच्या रस्त्याला लागून. काळी जमीन, एक विहीर, आणि बारा महिने काही ना काही फुललेलं: निशिगंध, शेवंती, गलांडा, झेंडू. आता कोणाला सांगितलं तर लोक म्हणतात, वा, काय सुंदर बालपण असेल तुमचं! कपाळ सुंदर. पहाटे अंधारात उठायचं, दवानं चिंब झालेल्या रोपांमधून गुडघ्यापर्यंत भिजत फुलं खुडायची, बोटं हिरवी-काळी व्हायची, आणि त्याच बोटांनी भाकर खायची म्हणून भाकरीलासुद्धा झेंडूची कडवट चव लागायची. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला की सगळ्यांच्या अंगात यायचं. टोपल्या उचल, ओलं फडकं टाक, पळ. टेम्पो गेला की मग कुठे चहा. माझ्या सख्ख्या मामाच्या लग्नाला आई हळदीला गेली आणि बाबा अक्षतांना, कारण दोघं एकदम गेले असते तर निशिगंध कोणी तोडला असता?

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आलेली, अंगानं भारी आणि तोंडानं त्याहून भारी. बाबा उंच, सडपातळ, एका जागी बसणं त्यांना माहीतच नव्हतं. जेवतानासुद्धा मध्येच उठून विहिरीवरची मोटर पाहून यायचे. आणि त्यांचा आवाज! आमच्याकडे मळ्यात एकमेकांना शोधायची एक रीत होती. तूर डोक्याच्या वर वाढली की माणूस दहा हातांवर असला तरी दिसत नाही. मग ज्याला बोलवायचंय त्यानं एका जागी उभं राहून हाक द्यायची. शब्द नाही, नाव नाही, नुसता लांबच लांब 'होऽऽऽ', शेवटी जरा वर उचललेला. प्रत्येक घराचा आपला वेगळा. दुसऱ्यानं आवाजाच्या रोखानं चालत यायचं. हाक देणाऱ्यानं समोरचा माणूस दिसेपर्यंत थांबायचं नाही, आणि दिसला की गप्प व्हायचं. हाक थांबली म्हणजे तू मला दिसलास, आता चुकत नाहीस. हे मला कोणी शिकवलं नाही, चालायला आलं तसंच आलं. बाबांची हाक दोन मळे ओलांडून जायची आणि त्याचा त्यांना मोठा तोरा होता.

मी आठवीत गेले त्या उन्हाळ्यात आईचं मोठं ऑपरेशन झालं. पोट उघडलं होतं. घरी आणली तेव्हा ती पलंगावर अशी पडली होती की चादरीखाली कोणी आहे की नाही ते कळू नये. माझ्या आयुष्यातली भीती तिथून सुरू झाली असं मी म्हणेन. त्याआधी मी सापाला भीत नव्हते, मास्तरला भीत नव्हते. पण त्या दिवसांत मी शाळेतून येताना आमच्या वळणापाशी थांबायची आणि घराकडून रडण्याचा आवाज येतो का ते ऐकायची. नाही आला की मग पुढे पाऊल. घरातले आवाजही बदलले होते. आईच्या बांगड्या पहाटे चुलीपाशी वाजायच्या, त्या जागी आता आत्याबाईंची आदळआपट. आईला बादली उचलायची नाही, वाकायचं नाही, जोरात बोलायचं नाही, टाके ओढायचे. हसू आलं तरी ती आधी पोटाला हात लावायची आणि मग हसायची.

पावसाळा सरत आला तरी तिचा अशक्तपणा जाईना. अकोल्याला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हिला थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस न्या, थोडं थोडं चालवा आणि भरपूर आराम द्या. झालं! त्या एका वाक्यानं आमच्या घरात जी भांडणं लागली त्यांना तोड नाही. बाबांनी त्यातलं 'चालवा' ऐकलं आणि आत्याबाईंनी 'आराम' ऐकला.

"चिखलदऱ्याले जाऊ," बाबा म्हणाले. "रोज सकायी निघू, डोंगर पाहू, किल्ला पाहू. चालल्यानं रक्त फिरते."

"रक्त फिरते म्हने! तिच्या अंगात रक्त हाय काय फिराले?" आत्याबाई भाजी निवडता निवडता कडाडल्या. "थे काय बैल हाय, डोंगरावर हाकलाले? तठी जाऊन तिनं निजाव. खाव अन् निजाव."

"निजाले पैसे खर्चून डोंगरावर काहून जा लागते बाई? पलंग अठी बी हाय!"

"मंग तू एकटाच जाय न बावा. पाय हायेत तुह्ये, तूच तुडव डोंगर."

आई बिचारी पलंगावरून एकदा ह्याच्याकडे एकदा तिच्याकडे पाहायची. मी विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" तर म्हणाली, "मले कोनी इचारलंच नाई व, शालू." आणि पोटाला हात लावून हसली.

आणि कधी जायचं? तिथे तर आणखी मोठी पंचाईत. श्रावणात जाता येत नाही, गणपतीत नाही, नवरात्र-दसरा-दिवाळीत तर फुलवाल्यानं मरायलासुद्धा सवड काढू नये. वर्षात एकच पंधरवडा असा असतो की झेंडूला कुत्रं विचारत नाही, तो म्हणजे पित्रपक्ष. लग्न नाही, मुहूर्त नाही, दुकानाचं उद्घाटन नाही. पित्रांना थोडी पांढरी फुलं लागतात तेवढीच. बाबा म्हणाले, आजोबांचं पित्र जेवू घातलं की दुसऱ्या दिवशी निघायचं आणि अमावस्येच्या आत परत. घटस्थापनेला झेंडू बाजारात पाहिजे. अख्ख्या वऱ्हाडात पित्रांत सहलीला निघणारे आम्हीच असू.

आत्याबाईंनी तोंडावर पदर घेतला. "पित्रांत? बापा बापा! गेलेले मानसं हवेत फिरत असतात ह्या दिवसांत. कोनी हाक मारली तं तीनदा आल्याबिगर ओ देऊ नये, अन् तू बिमार बाईले डोंगरात नेऊन राहिला?"

बाबांनी ते उडवून लावलं. पण मी नाही उडवू शकले. आधीच मी घाबरलेली, त्यात ही भर. पोट्टी मी तेरा वर्षांची, कोणाला सांगणार? बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, भित्री भोकनी कुठली. म्हणून मी गप्प राहून दशम्या बांधायला मदत केली. दुधात भिजवलेल्या पिठाच्या त्या दशम्या, लसणाची चटणी, तिखट पुऱ्या, गुळाचा खडा.

शेवटी तह आईनंच केला. एका दुपारी दोघांची बोलाचाली चालली असताना ती हळूच म्हणाली, "अहो, तुमी चाला न. तुमाले चालल्याबिगर अन्न पचत नाई. मी बसतो एका जागी. तुमाले कुठी लय चांगलं दिसलं, तं मले बोलवजा. मंग मी तेवढंच चालत येईन." बाबांचा चेहरा उजळला. म्हणजे डोंगर सगळा त्यांनी तुडवायचा, त्यातली सगळ्यात देखणी जागा हुडकायची, आणि आईला जवळच्या वाटेनं हाकेवर बोलवायचं. चालणंही झालं आणि आरामही झाला. "माही हाक तं दोन मळे जाते," ते म्हणाले, "डोंगरात तं अजूनच जाईन." आत्याबाईंनासुद्धा यात खोड काढता आली नाही. मला आठवतं, त्या दिवशी बाबांनी जेवताना एकदाही उठून मोटर पाहिली नाही.

परवा माझी सून मोबाइलवर असंच काहीतरी जमवत बसली होती. सकाळी दोन तास ट्रेक, दुपारी आराम, संध्याकाळी गरम पाण्याचा टब. मला म्हणाली, "आई, बघा ना, सगळ्यांची सोय झाली की नाही?" मी म्हटलं, झाली बाई. अकोल्याच्या जठारपेठेतल्या चौथ्या मजल्यावर बसून डोंगराची आखणी करणं सोपं असतं. मग मी उगाच तिच्यावर डाफरले, की पोरांचा हात सोडू नका, धुकं आलं तर आहे तिथे बसा, आणि कोणी लांबून बोलावलं तर जाऊ नका. ती हसली. तिला काय सांगणार?

अकोट, अंजनगाव, परतवाडा करत एसटीनं घाट चढायला सुरुवात केली तेव्हा आम्ही चौघंही खिडकीला चिकटलो होतो. सपाट रानातली माणसं आम्ही. आमच्याकडे उंच म्हणजे विहिरीचा कठडा आणि खोल म्हणजे विहीर. आत्याबाईंनी तर डोळेच मिटून घेतले. कंडक्टर गप्पिष्ट होता. तो म्हणाला, वर पाचबोल नावाचा एक पॉइंट आहे, तिथे ओरडलं की आवाज पाच वेळा परत येतो. बाबांना हे फारच आवडलं. "आखरीच्या दिवशी तठी जाऊ," ते म्हणाले. आम्हाला सगळ्यांना वाटलं की ते तेवढ्या एका जागेचंच काहीतरी खास आहे, देवाच्या मूर्तीसारखं, तिथे गेलं तरच दर्शन. हे आज हसण्यासारखं वाटतं. पण ज्यानं आयुष्यभर मोकळ्या रानात हाक मारली, जिथे गेलेला आवाज परत म्हणून येत नाही, त्याला काय ठाऊक असणार?

पहिला दिवस आरामाचा होता. एका साध्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या होत्या, भिंतींना ओल, पांघरुणांना कुबट वास, पण हवा अशी गार की आईच्या गालांवर दुपारपर्यंत रंग आला. नाक्यावर रबडी मिळायची. आईनं द्रोण चाटूनपुसून संपवला आणि दुसरा मागितला, तर बाबा इतके खूश झाले की दुकानदाराला पत्ता देऊन आले, कधी बार्शीटाकळीकडे आलास तर फुलं घेऊन जाय म्हणून. मीही त्या दिवशी थोडी सैल झाले. फक्त झाडांच्या मागून मधूनमधून वर येणारं पांढरं काहीतरी दिसायचं, आणि कोणी म्हणायचं, धुकं आहे, जाईल आता. आणि ते जायचंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून निघालो. डांबरी रस्त्याच्या वळणावर चहाची एक टपरी होती. आत्याबाईंचे पाय सुजले होते, त्या तिथेच बाकड्यावर बसल्या आणि टपरीवालीला लगेच माहेर-सासर विचारायला लागल्या. आईला त्या बडबडीचा शीण व्हायचा, म्हणून ती थोडी पुढे, एका जांभळीखालच्या सपाट दगडावर बसली. अंगावर तिचं हळदी रंगाचं लुगडं, मांडीवर शिदोरीचं गाठोडं. बाबांनी तिला दोनदा बजावलं, "अठीच बसजो. मी हाक देईन तवाच उठजो. घाई करू नोको." आणि मला घेऊन ते गवतातल्या पायवाटेनं निघाले.

बाबांच्या मागे चालायचं म्हणजे पळायचंच. थोड्या वेळानं वाट संपली आणि एकदम समोर काहीच नाही. कडा. खाली हिरवी दरी, तिच्या तळाशी कुठेतरी पाण्याचा आवाज, पलीकडे तेवढाच उंच दुसरा कडा आणि त्यावरून उतरणारी धबधब्याची पांढरी रेघ. मी चार पावलं मागेच बसून घेतलं. बाबा मात्र उभेच. मग हळूच म्हणाले, "शालू, हे तुह्या मायले दाखवाच लागन." मागे वळून पाहिलं तर जांभूळ सरळ रेषेत होती, लांब नव्हती. आईला फार चालावं लागलं नसतं. सगळं अगदी ठरवल्यासारखं जमून आलं होतं. बाबांनी छाती भरून घेतली, हात तोंडाशी नेले आणि हाक दिली.

"होऽऽऽ!"

दोनदा, तीनदा. आणि तेवढ्यात दरीतून ते वर आलं. लोक म्हणतात धुकं उतरतं. तिथे ते उतरत नाही, खालून चढतं. आधी धबधबा पुसला गेला, मग पलीकडचा कडा, मग आमच्या पुढचं गवत. मी वळून जांभळीकडे पाहिलं तर जांभूळ नव्हती. माझ्या स्वतःच्या पायातली चप्पल मला दिसेना. कानात दडे बसल्यासारखं झालं. आणि बाबा हाक देतच होते, कारण चालत येणारी आई त्यांना अजून दिसली नव्हती. दिसेपर्यंत थांबायचं नाही, हीच तर रीत.

कुठूनतरी, मागून की उजवीकडून, आत्याबाईंचा आवाज आला, चिरका, तुटक. "निघाली रे! सिंधू कवाचीच निघाली!"

म्हणजे आई धुक्यात होती. चालत होती. बाबांनी आणखी जोरात हाक दिली, ती संपली, त्यांनी श्वास घेतला. आणि त्यांच्या श्वासाच्या मध्ये मला त्यांची हाक परत ऐकू आली. माझ्या शेजारून नाही. दरीच्या बाजूनं, डावीकडून, लांबून. तसाच 'होऽऽऽ', शेवटी तसाच वर उचललेला. आमच्याच घराचा.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आत्याबाईंचे पित्रच आले. आजोबाच उभे आहेत तिकडे हवेत आणि आईला बोलावताहेत, असं वाटलं. मी बाबांच्या सदऱ्याला लटकले. मग तो आवाज पुन्हा आला, आणखी डावीकडून, आणि पुन्हा, जरा बारीक होऊन. पाचबोल! कंडक्टरचा पाचबोल तिकडे लांब नव्हता, इथेच होता, सगळीकडे होता. बाबा इथून बोलावत होते आणि कडा तिकडून बोलावत होता. आणि माझी आई, जिला लहानपणापासून एवढंच माहीत की हाकेच्या रोखानं चालायचं, ती त्या पांढऱ्यात कोणत्या हाकेकडे चालली असेल?

"बाबा, थांबा! हाक देऊ नका!"

"काहून? थे येऊन राहिली न!"

"तिकडून बी आवाज येऊन राहिला! दरीतून! आई तिकडे जाईन!"

त्यांना कळलं. तो क्षण मला आठवतो. त्यांनी तोंड तसंच उघडं ठेवून ऐकलं आणि त्यांची शेवटची हाक दरीतून वळून, कुठेतरी डाव्या हाताला, अगदी जवळ बोलावल्यासारखी आली. मग ते ओरडले, "सिंधू, थांऽऽब!" पण तेही तसंच परत आलं. शब्द कसला, नुसता 'आऽऽ, आऽऽ'. लांबून ऐकणाऱ्याला ती घाईची हाकच वाटली असती. ते पुन्हा ओरडणार तेवढ्यात मी उडी मारून दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबलं. बापाच्या तोंडावर हात! एरवी कानफटातच बसली असती. त्यांनी मला झटकलं, मी पुन्हा धरलं. "ओरडू नका, पाया पडते तुमच्या, ओरडू नका." त्यांची दाढी माझ्या तळहाताला टोचत होती आणि तिच्यातून त्यांचा श्वास भात्यासारखा येत-जात होता. मग ते गप्प झाले.

त्यानंतरचं जे होतं तसलं काही मी पुन्हा कधी अनुभवलं नाही, आणि माझ्या आयुष्यात पुढे मरणं-दुखणी काही कमी झाली नाहीत. सगळीकडे पांढरं, पाण्याचा आवाज खालून, आणि आम्ही दोघं गप्प. आई ओ देणार नव्हती, तिला जोरात ओरडायची बंदीच होती. आम्ही हाक देऊ शकत नव्हतो. बाबा एक पाऊल पुढे टाकायचे आणि मी त्यांना मागे ओढायची, कारण कडा कुठे संपतो ते त्यांनाही दिसत नव्हतं. ज्या माणसाला कधी एका जागी बसता आलं नाही, तो खांबासारखा उभा होता. एकदा डावीकडे एक दगड घरंगळला. आपण ऐकतो, दगड पडला की शेवटी एक आवाज होतो. त्याचा झाला नाही. बाबा मटकन खाली बसले आणि त्यांनी गवत मुठीत धरलं. मी देवाला म्हटलं, मला ने. मग लगेच भीती वाटली की खरंच नेईल, आणि मी ते परत घेतलं. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, आता लिहिते आहे.

मग कधीतरी धुकं विरळ झालं. आधी जांभूळ दिसली. दगड रिकामा. मग गवत दिसत गेलं, आणि डावीकडे, वाटेपासून कितीतरी बाजूला, हळदी रंग. आई बसली होती. आमच्याकडे पाठ करून, पाय पसरून, गाठोडं शेजारी. तिच्या पावलांच्या पुढे एक झुडूप होतं आणि झुडपाच्या पुढे काही नव्हतं.

मी ओरडणार होते. बाबांनी बोट ओठांवर ठेवलं. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी, एकेक पाऊल दाबून टाकत ते निघाले, पिकात शिरलेल्या वासराला दचकू न देता धरायला जातात तसे. मी जागेवरून हललेच नाही. ते तिच्या मागे पोचले, शेजारी बसले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. मग मी पळत गेले.

"आले व बाई तुमी एकदाचे," आई म्हणाली. "केवढा वेळ! मी दशम्या सोडनार होती."

मीच विचारलं, "आई, तू इथे का बसलीस?"

"मंग? चालत होती मी हाकेवर. पायाखाली काई दिसे नाई. मंग हाक थांबली. म्हटलं, दिसली मी ह्यायले. आता येतीन तेच. मंग उगाच कायले चाला? डॉक्टरनं बसाले सांगतलं हाय." ती बाबांकडे वळली. "दिसली होती न मी तुमाले?"

मला वाटलं, आता बाबा भडकणार. आता तिला, आत्याबाईला, डॉक्टरला, डोंगराला, सगळ्यांना शिव्या देणार. माझ्या बाबांना खोटं बोलता येत नव्हतं, बाजारात दलालासमोरसुद्धा नाही. सकाळचा निशिगंध संध्याकाळी विकायचा असला तर ते गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे की सकाळचा आहे.

"दिसली," ते म्हणाले. "कवाचीच दिसली."

तेवढ्यात झुडपापलीकडचं धुकंही फाटलं आणि सगळी दरी तिच्या पावलांशी उघडी पडली. "अव माय माय," आई म्हणाली, "केवढं खोल हाय हे!" आणि तिनं पाय जवळ ओढून घेतले. मग तिनं धबधबा पाहिला, पलीकडचा कडा पाहिला, आणि ती इतकी खूश झाली, इतकी खूश झाली की विचारू नका. "हेच दाखोत होते न तुमी मले?" बाबांनी मान हलवली. ते दरीकडे पाहत नव्हते. थोड्या वेळानं आई म्हणाली, "तुमी माहं मनगट काहून धरून राहिले?"

"थंडी हाय," बाबा म्हणाले. "चाल."

टपरीपर्यंत ते तिचं मनगट धरून चालले. चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. ती लाजेनं सोडवू पाहत होती आणि ते सोडत नव्हते. आत्याबाई बाकड्यावरून उठल्या, काहीतरी टोचून बोलणार होत्या, पण भावाचा चेहरा पाहून त्यांनी टपरीवालीला चहा सांगितला, जास्त साखरेचा. पाचबोलला आम्ही गेलो नाही. बाबा म्हणाले, झेंडूची काळजी लागली आहे, उद्याच निघू. आईनं खूप गयावया केली, अजून किल्ला राहिला, अजून रबडी राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही घाट उतरलो, आणि परतवाड्याच्या सपाटीला गाडी लागली तेव्हा बाबांनी तिचं मनगट सोडलं.

आई खरंच बरी झाली त्या हवेनं. नवरात्रात ती हार करायला बसली. ओसरीवर झेंडूचा ढीग, आजूबाजूच्या चार बाया, हातात दाभण, आणि आईच्या तोंडी चिखलदरा. ती ही गोष्ट रंगवून सांगायची. धुकं कसं आलं, हाताला हात कसा दिसेना, ती कशी चालली, मग हाक थांबली आणि ती कशी निवांत बसली. "मले काई भेव नाई वाटलं. एवढ्या धुक्यात बी ह्यायले मी दिसून राहिली होती. ह्यायची नजरच तशी हाय." बाया वा वा करायच्या. माझ्या हातातल्या दाभणाला फूल घावायचं नाही. ती तिथे बसली होती ते आमच्या भरवशावर, आणि आम्हाला तर काहीच दिसत नव्हतं. हे तिला सांगावं असं कितीदा तोंडाशी आलं. सांगितलं असतं तर पुढे ती कधी निवांत बसली असती का? मी खाली मान घालून झेंडू ओवत राहायची.

गोष्ट संपली की ती दाराकडे पाहून विचारायची, "हो का नाई हो?" बाबा टोपल्या उचलत असायचे. ते तिच्याकडे न पाहता म्हणायचे, "हो."